नदीला हात लावू नका

तरन्नुम,

गेल्या मंगळवारी नळाला पाणी आलं. सहाव्या दिवशी, सकाळी पावणेअकराला. मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर निळा गोल केला, वेळ लिहिली आणि गल्लीतल्या घरांना फोन करायची यादी काढली. यादीत पहिलं नाव तुझं. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाला मोटर लावावी लागते, म्हणून त्याला आधी कळवायचं, हा माझाच नियम. मी नंबर लावला. माझ्या डोक्यावर, वरच्या खोलीत, फोन वाजला. चारदा वाजला आणि कोणीतरी उचलला.

"टीचर, मी इम्रान," तुझा भाऊ म्हणाला. "आपाचा फोन इथंच होता. सामान भरतोय."

"पाणी आलंय," मी म्हटलं.

"हौ," तो म्हणाला. "मोटर लावतो."

आणि त्यानं खरंच मोटर लावली. जिथं कोणी राहत नाही त्या खोलीची टाकी भरून घेतली. तुला जाऊन तेव्हा नऊ दिवस झाले होते.

हे पत्र तुला आहे, पण मी ते कॅनडाला माझ्या नातवंडांकडे, निहार आणि इराकडेही पाठवणार आहे. त्यांना तू माहीत आहेस ती व्हिडिओ कॉलवर माझ्या मागून हात हलवणारी. निहारला तू एकदा विचारलं होतंस, "पाच पायांचा घोडा पळायला लागला, तर आधी कुठला पाय टाकेल?" पोरगं दोन दिवस घरभर हातापायांवर रांगत होतं, असं त्याच्या आईनं सांगितलं. पण तू नक्की काय काम करायचीस, हे त्या दोघांना कळलेलं नाही. मला तरी कुठं लगेच कळलं होतं?

खोली बघायला आलीस तेव्हा तुझा पहिला प्रश्न होता, "इन्व्हर्टर आहे का?" माझा पहिला प्रश्न होता, "काम काय करतेस?"

"गेममध्ये जे जे दिसतं ना टीचर, ते बनवायच्या आधी कोणीतरी काढून द्यावं लागतं. घर, दरवाजा, चप्पल, राक्षस. ते मी काढते."

"म्हणजे जे नाहीच, ते?"

"हौ. जे नाहीच, ते."

मी एकतीस वर्षं मुलांना भूगोल शिकवला. जे आहे ते शिकवलं: कुठली माती कुठं, कुठला वारा कधी. जे नाहीच ते काढून देणारी बाई मी पहिल्यांदा बघत होते. दुसरे दोघं खोली बघायला येणार होते, त्यांना मी फोन करून नको म्हटलं. तुला मी हे कधी सांगितलं नाही.

पहिले काही दिवस मी काही ना काही निमित्त काढून वर यायची. मग निमित्तं संपली आणि तू खिडकीशी एक खुर्ची ठेवून दिलीस. कंपन्यांची पक्की चित्रं तू दाखवत नव्हतीस, तसा करारच असायचा. मला बघायला मिळायचं ते त्याआधीचं, कच्चं. तू त्या काचेसारख्या टॅबलेटवर काळे डाग काढायचीस. एका पानावर वीस. त्यांना ना डोळे, ना दारं. मग मागे रेलून बघायचीस आणि म्हणायचीस, "यातला एक बोलतोय. बाकीचे गप्प आहेत." मला वीसच्या वीस गप्प वाटायचे. तीन दिवसांनी त्या बोलणाऱ्या डागाचा किल्ला झालेला असायचा, आणि मी खुर्ची पुढे ओढून विचारायची, "पण तुला कळलं कसं?"

"ऐकू आलं," म्हणायचीस. हे काही उत्तर नव्हे. पण दुसरं तू दिलं नाहीस.

तुझी सामग्री कुठून यायची, ते मात्र मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. औरंगपुऱ्यात मी चष्मा दुरुस्तीला टाकायला गेले, तू सोबत आलीस आणि कुलुपांच्या दुकानासमोर एवढा वेळ फोटो काढत राहिलीस, की दुकानदार म्हणाला, "ताई, एक घेऊनच टाका आता." इम्रान वाळूजमध्ये शिफ्ट सुटली की कंपनीबाहेरच्या भंगाराचे, गंजलेल्या पत्र्यांचे फोटो पाठवायचा. बहिणीला गंज पाठवणारा भाऊ मी दुसरा बघितला नाही. एकदा मी आणलेला फ्लॉवर तू उलटा धरून अर्धा तास न्याहाळलास. दोन आठवड्यांनी तो एका जंगलाचा माथा झाला होता. भाजी मात्र त्या दिवशी झाली नाही.

आणि मग ते कड्यावरचं शहर. हजार घरं, बुरूज, निशाणं. तू खूश होतीस. मी बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "ही माणसं पाणी कुठून पितात?"

"पितात कुठूनतरी."

"कुठून? खाली नदी नाही, वर तळं नाही. सहा दिवसांनी येतं का, आपल्यासारखं?"

तू आधी हसलीस, मग पेन खाली ठेवलंस. दुसऱ्या दिवशी मी तुला आपल्या शहराखालच्या जुन्या नहरींबद्दल सांगितलं: डोंगरातून जमिनीखालून आणलेलं पाणी, मध्येमध्ये हवेसाठी बांधलेले विटांचे मनोरे. तू या शहरात राहत होतीस, ते मनोरे रोज बघत होतीस, पण ते कशासाठी आहेत हे तुला ठाऊक नव्हतं. त्या आठवड्यात तू अख्खं शहर सरकवलंस. कड्याच्या पोटात बोगदे काढले, मनोरे उभे केले, एका मनोऱ्याखाली घागरींची रांग लावलीस. "आता इथं लोक राहतात असं वाटतंय," म्हणालीस.

तेव्हापासून प्रत्येक कच्चं चित्र आधी माझ्याकडे तपासायला यायचं. वारा कुठून? धूर कुठं जातो? गावाचा उकिरडा कुठल्या बाजूला? तू कंटाळून म्हणायचीस, "क्या टीचर, राक्षस आहे तो. त्याला उकिरडा कशाला?" मी म्हणायची, "खातो ना? मग लागेल." तू तोंड वेडंवाकडं करायचीस आणि उकिरडा काढायचीस.

आपलं एकच भांडण मिटलं नाही. ते नदीचं.

ते चित्र कंपनीचं नव्हतं, तुझं स्वतःचं होतं. डोंगर, पायथ्याला गाव, आणि गावातून निघून डोंगरावर चढत जाणारी नदी. मला वाटलं चूक झालीय. एकतीस वर्षांचा हात. चूक दिसली की तो थांबत नाही. माझ्या पर्समध्ये लाल बॉलपेन असायचं. मी ते काढलं आणि तुझ्या टॅबलेटच्या काचेवर, नदीखाली, चांगली दाबून रेघ मारली.

तू किंचाळलीस. मग मीही किंचाळले. मग स्पिरिट आणून पुसलं. शाई गेली, पण काचेवर बोटभर लांब ओरखडा राहिला. मी नवीन टॅबलेट घेऊन देते म्हटलं, तू ऐकलं नाहीस. "राहू द्या. टीचरची रेघ आहे." पुढची तीन वर्षं तुझं प्रत्येक चित्र त्या ओरखड्याखालून गेलं.

"पण नदी वर जात नाही," मी त्याच संध्याकाळी म्हटलं होतं.

"तिथं जाते."

"कुठंही जात नाही."

"मी बघितलंय," तू म्हणालीस, आणि मग ते सांगितलंस. तू सात-आठ वर्षांची. अब्बांच्या लुनावर मागे बसून शहरातून खुलताबादला परत चाललेली, मांडीवर रंगाचे डबे. पाऊस नुकताच थांबलेला. घाटात एका वळणावर रस्त्याकडेच्या नालीतलं पाणी लुनाबरोबर वर चढत होतं. तू अब्बांना दाखवलंस. ते म्हणाले, "हौ, चढ रहा है," आणि गाडी चालवत राहिले.

मी तुला समजावलं, की घाटात आजूबाजूच्या उतारांमुळे डोळा फसतो. उतार चढासारखा दिसतो. तू शांतपणे ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "टीचर, चपला बाहेर काढता ना? भूगोलपण तिथंच काढत जा." मग आपलं ठरलं, की पावसाळ्यात दोघींनी जायचं, त्या वळणावर नालीत एक संत्रं सोडायचं आणि ते कुठं जातं बघायचं. खुलताबाद इथून पंचवीस किलोमीटर. तीन पावसाळे झाले. एकदा माझा गुडघा, एकदा तुझं काम, एकदा काहीच नाही, नुसतंच राहिलं.

गेल्या वर्षी तुझं काम कमी झालं. मशीननं काढलेली चित्रं यायला लागली आणि तुला नुसतं त्यांच्यावर हात फिरवून द्यायला सांगायचे. तू चिडली नाहीस, मला मात्र तू चिडायला हवी होतीस. एकदा तसलं एक शहर दाखवत म्हणालीस, "मी याला विचारलं, पाणी कुठून येतं? याला कोणी टीचर भेटली नाही." मग त्याच हसण्यात सांगितलंस, की एक लहानशी परदेशी कंपनी पहिल्यांदाच थेट तुझ्याकडून काम घेतेय. आजवर मधल्या स्टुडिओमार्फत यायचं, त्यामुळे गेमच्या शेवटी जी नावं येतात त्यांत तुझं कधीच नसायचं. बारा वर्षांत एकदाही नाही. या वेळी येणार होतं.

आणि त्यासाठी तुला मी हवी होते.

तुझं ते नदीचं गाव त्यांना आवडलं होतं. त्या गावात पाणी सोडणारी एक म्हातारी असणार होती. हातात व्हॉल्व्हची लांब चावी, काखेत वही. प्रत्येक प्रवाशाला तिच्यासमोर थांबावं लागणार. "तुमच्यावरून काढते," तू म्हणालीस. "तुमचं उभं राहणं, चष्मा, ती वही."

"माझी नातवंडं असले गेम खेळतात," मी म्हटलं. "मला गोळ्या घालतील."

"तुम्हाला गोळी लागत नाही. तसं ठरलंय."

तू मला पहिला कच्चा डाग दाखवलास. ताठ पाठ, मिटलेलं तोंड, चावी छातीशी धरलेली. मी म्हटलं, "विचार करते."

"किती दिवस?"

"पाणी येईपर्यंत."

त्यानंतर तू इथं असेपर्यंत पाणी नऊ वेळा आलं. कॅलेंडरवर त्याचे नऊ गोल आहेत, मी मोजले. तू दर वेळी मोटर लावायला धावताना जिन्यातून ओरडायचीस, "टीचर, पाणी आलं! हौ का नक्को?" आणि मी हसून आत जायची. खरं कारण मी तुला सांगितलं नाही. तो डाग बघून मला वाटलं होतं, तुला मी अशी दिसते: पाण्याला कुलूप लावून बसलेली बाई. तुला विचारलं असतं तर तू एका वाक्यात सांगितलं असतंस. जगातली प्रत्येक गोष्ट मी तुला विचारली, आणि ही नाही. मग तुला ताप आला, अब्बा तुला घरी घेऊन गेले, आणि आठ दिवसांत सगळं संपलं.

मंगळवारी दुपारी इम्रान टॅबलेट घेऊन खाली आला. मी पाणी दिलं, तो बसला नाही.

"टीचर, कंपनीची मेल आलीय. मला इंग्रजी एवढं नाही समजत. आणि हे एक फोल्डर आहे, ते तुमचं वाटतंय."

फोल्डरचं नाव होतं 'टीचर की हाँ'. आत एकच फाईल. तुझा शिरस्ता मला माहीत होता. तुझ्या फायलींची नावं वाचून मी कपाळाला हात लावायची. ही मात्र नीट नाव दिलेली होती. माझ्यासाठीच असणार.

आधी मेल वाचली. एका बाईनं लिहिली होती, चांगल्या मनानं. पाणी सोडणाऱ्या म्हातारीचं चित्र तू पूर्ण केल्याचं कळवलं होतंस, पण 'एका व्यक्तीचा होकार यायचा आहे' म्हणून पाठवलं नव्हतंस. ते आता घरच्यांनी पाठवलं, तर ते तुझं काम म्हणून गेममध्ये जाईल आणि तुझं नाव शेवटच्या यादीत येईल. न पाठवलं तर त्यांना ती जागा दुसऱ्याकडून काढून घ्यावी लागेल, आणि मग नाव देता येणार नाही. खाली एक ओळ: कच्च्या चित्रात नदीची दिशा चुकलेली दिसते, ती त्यांचा माणूस सरळ करून घेईल.

इम्रान माझ्या तोंडाकडे बघत होता. "म्हणजे आपाचं नाव तुमच्यावर आहे?"

"हो," मी म्हटलं. "माझ्यावरच आहे."

मग त्यानं फाईल उघडली.

तरन्नुम, तोंड मिटलेलं नाही. म्हातारी चावी विसरल्यासारखी हातात लोंबकळत ठेवून उभी आहे, वही उघडी आहे, आणि ती मान वर करून डोंगर चढणाऱ्या नदीकडे बघतेय. तोंड किंचित उघडं. चष्मा माझा. वर्गात एखादं पोरगं मला न येणारा प्रश्न विचारायचं, तेव्हा मी अशी दिसत असेन. मला हे माहीत नव्हतं. आरशासमोर कोणी प्रश्न विचारत नाही. आणि टॅबलेटच्या काचेवरचा माझा ओरखडा बरोबर नदीच्या खाली आला होता, जिथं मी तो तीन वर्षांपूर्वी मारला होता.

होकार द्यायला मला एक मिनिट लागलं नाही. अडलं ते नदीपाशी.

बुधवारी मी इम्रानबरोबर खुलताबादला गेले. दहा दिवस मी तुमच्या घरी आलेच नव्हते, गुडघ्याचं नाव सांगत होते. घाटात त्या वळणावर मी रिक्षा थांबवायला सांगितली. नाली कोरडी होती. पानं, एक चिप्सचं पाकीट. तुझं खरं की माझं, ते कळायला काही साधन नव्हतं.

अब्बा दारात बसले होते. समोरच्या किराणा दुकानाची पाटी त्यांचीच. खाली कोपऱ्यात, नखाएवढ्या अक्षरात, 'पेंटर रशीद, खुलताबाद'. गावातल्या प्रत्येक पाटीवर ते नाव आहे, हे मला येताना दिसलं होतं. तुझ्या अम्मीनं माझे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

मी अब्बांना सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले, मग म्हणाले, "इत्ते साल काम करी मेरी बच्ची. मैं पूछता था, नाम किधर लिखती? तो हँसती थी."

"नाव येईल," मी म्हटलं. "पण ते नदी बदलणार. बदलू नका म्हणून मी अट घातली, आणि त्यांनी चित्रच नको म्हटलं, तर नाव जाईल. तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल तसं लिहिते."

"नदीला काय झालं?" अब्बांनी विचारलं.

"वर चढते. तिचं म्हणणं, तिनं तुमच्या लुनावरून बघितलं होतं."

त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. "उसको याद था?" एवढंच म्हणाले. मग समोरच्या पाटीकडे बघत बोलले. त्यांच्या धंद्यात म्हणे एक रीत आहे. पेंटर जिवंत आहे तोवर गिऱ्हाईक म्हणेल ते अक्षर तो बदलून देतो, दहा वेळा देतो. पण पेंटर गेला, की त्याच्या पाटीवर दुसरा कोणी ब्रश फिरवत नाही. पुसायची तर अख्खी पुसा आणि आपली रंगवा. एक अक्षर सुधारायचं नाही. "आधा उसका, आधा तुम्हारा, तो नीचे नाम किसका लिखना?"

"आणि त्यांनी अख्खी पुसली तर?"

अब्बा मग म्हणाले, "तो पुसने दो. नदी उसकी है."

घरी येऊन मी मेल लिहिली. इंग्रजीत आयुष्यभर अर्ज आणि दाखले लिहिले, पण हे पत्र मी चारदा खोडलं. लिहिलं, की चित्रातली स्त्री मी आहे आणि माझा होकार आहे. मी भूगोलाची निवृत्त शिक्षिका असून नदी डोंगर चढत नाही, हे मला तुमच्यापेक्षा बरं माहीत आहे. तीन वर्षं मी चित्रकर्तीशी त्यावरून भांडले आहे. ते भांडण आमच्या दोघींचं आहे, त्याचा निकाल तिसऱ्यानं लावू नये. म्हणून अट एकच: नदीला हात लावू नका.

तीन दिवस उत्तर नव्हतं. मी दर तासाला फोन बघायची. काल आलं, दोन ओळींचं. नदी आहे तशी राहील. नाव येईल.

इम्राननं माझ्यासमोरच अब्बांना फोन लावला. त्यानं सगळं सांगितलं. मग अब्बांचा आवाज आला, "अक्षर कित्ता बडा रहेगा?"

नदी वर चढते हे मला अजून पटलेलं नाही, तेही इथं लिहून ठेवते. पावसाळ्यात मी संत्रं घेऊन घाटात जाणार आहे. इम्रान रजा टाकणार आहे, अब्बा वळण दाखवणार आहेत. संत्रं कुठं गेलं ते तुला कोण सांगणार, हा प्रश्न आहेच. तोही मी वहीत लिहून ठेवलाय.

निहार आणि इराला मात्र आत्ताच सांगितलंय. त्या गावात पोहोचलात की चावीवाली म्हातारी दिसेल. तिला गोळी लागत नाही, उगाच मारून बघू नका. तिच्याशेजारी उभं राहा, ती बघतेय तिकडे बघा, आणि मग मला फोन करून विचारा, की आजी, पाणी वर कसं जातं? मला उत्तर येत नाही. जिला येत होतं तिचं नाव अगदी शेवटी येईल, शेकडो नावांत, लहानशा अक्षरांत. ते दिसेपर्यंत गेम बंद करायचा नाही.